उणे ११० अंशात तीन मिनिटं : क्रायोथेरपी कोणी घेतली आहे का?

रानवारा

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात (बाणेर) एक रिकव्हरी सेंटर उघडलंय. तिथे संपूर्ण शरीराची क्रायोथेरपी मिळते. उणे ११० की १३० अंशाच्या थंडीत दोन-तीन मिनिटं उभं राहायचं आणि बाहेर यायचं. एका वेळचे दोन हजारांच्या वर, दहाचं पॅकेज घेतलं की सूट. माहितीपत्रकात स्नायूंची दुखणी, झोप, त्वचा, वजन, प्रतिकारशक्ती, मूड असं सगळंच बरं होतं म्हणून लिहिलंय.

विचारायचं कारण दोन. एक म्हणजे जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे, पूर्ण ४२ किलोमीटरची. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर सोमवारी जिना उतरताना मांड्यांची पार वाट लागते. ग्रुपमधल्या काहींनी पॅकेज घेतलंय आणि ते खूश आहेत.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. औषधं नियमित चालू आहेत, पण सकाळी हात आखडलेले असतात, मूठ मिटत नाही. सेंटरमधली मुलगी म्हणाली की हा उपचार मुळात संधिवातासाठीच शोधला गेला. तेव्हापासून आईने मनावर घेतलंय, "मला घेऊन चल" म्हणून मागे लागली आहे.

कोणी घेतली असेल तर अनुभव सांगा. पैशांपेक्षा आईला त्रास होऊ नये याची काळजी आहे.

बर्फगोळा

धाग्याचं नाव वाचून धावत आलो, मला वाटलं माझ्याबद्दलच आहे. कालाखट्टा की रोझ, एवढं विचारून बाजूला बसतो. चर्चा वाचतोय.

पोटरीबहाद्दर

मी घेतलीय, आणि जोरदार शिफारस करेन. सातारा हिल मॅरेथॉननंतर पोटऱ्यांना हात लावू देत नव्हतो. दुसऱ्या दिवशी क्रायो घेतली. आत पहिलं मिनिट सोपं जातं, दुसऱ्यात मांड्यांना सुया टोचल्यासारखं होतं, तिसऱ्यात दात वाजायला लागतात. पण बाहेर आल्यावर जे वाटतं ना, ते शब्दांत सांगता येत नाही. अंगात वीज भरते. दुखणं तर गेलंच, त्या रात्री झोपही गाढ लागली. तेव्हापासून मोठ्या शर्यतीनंतर जातोच.

आईंबद्दल मला काही सांगता येणार नाही. तुम्ही मात्र डोळे मिटून जा.

व्रोत्स्वाफकर

@रानवारा, मी पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला राहतो. या विषयाला इथे फार मोठा इतिहास आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या मुलीने सांगितलं ते खरं आहे. जपानच्या तोशिमा यामाउची यांनी १९७८ मध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांसाठी हा उपचार सुरू केला. तिथून तो जर्मनीत आला आणि १९८९ मध्ये इथे व्रोत्स्वाफच्या शारीरिक शिक्षण अकादमीत. पोलंडमध्ये आज हे स्पाचं प्रकरण नाही, पुनर्वसनाचा भाग आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर सरकारी आरोग्य निधीतून मिळतं.

माझ्या सासूबाई पोलिश आहेत, त्यांना मणक्याचा संधिवात आहे. त्यांच्यासोबत मी बऱ्याचदा गेलोय. आत जाण्याआधी दर वेळी, अगदी दर वेळी, रक्तदाब मोजतात. जास्त असेल तर त्या दिवशी घरी परत. अंगाला तेल-क्रीम लावलेलं चालत नाही, दागिने काढायचे, घाम टिपून कातडी पूर्ण कोरडी करायची. पायात लोकरी मोजे आणि लाकडी तळाच्या चपला, हातमोजे, कानांवर पट्टा, नाकातोंडावर मास्क. आधी उणे ६० अंशाच्या छोट्या खोलीत काही सेकंद, मग मुख्य खोलीत. तिथे दोन-तीन जण एकामागे एक गोल गोल सावकाश चालतात. काचेतून कर्मचारी बघत असतो, माइकवरून सेकंद सांगतो, बोलत राहतो. जास्तीत जास्त तीन मिनिटं.

आणि आता खरी गोष्ट. बाहेर आल्यावर कोणी घरी जात नाही. सगळे थेट व्यायामाच्या हॉलमध्ये जातात. सायकल, हातापायांच्या हालचाली, फिजिओसोबत काम. थंडीने दुखणं काही काळ दबतं आणि तेवढ्या वेळात जो सांधा एरवी हलवू देत नाही तो हलवून घ्यायचा, हा सगळा उद्देश. यामाउचींचीही पद्धत अशीच होती, थंडी आणि लगेच व्यायाम. सासूबाईंना फरक पडतो तो या जोडीने. व्यायाम वगळला तर काय उरतं, हे तुमच्या सेंटरला जरूर विचारा.

लाल_माती

व्रोत्स्वाफकर, फार छान लिहिलंत.

आमच्या कोल्हापूरकडं तालमीत याच्या अगदी उलट शिकवण. जोर-बैठका, लढत झाली की अंग मातीत घोळवायचं, बसायचं, घाम पूर्ण वाळेस्तोवर पाण्याला हात लावायचा नाही. गरम अंगावर गार पाणी घेतलं तर वस्ताद शिव्या घालायचे. मग मालिश, मग अंघोळ, मग थंडाई. थंड काय ते पोटातून, बदाम-खसखस-मगज वाटून. शंभर वर्षं पैलवान असेच तयार झाले, खासबागेत लढले. त्यांना कुणाला उणे शंभर लागलं नाही.

अवांतर : पोलंडचं नाव निघालंय तर, दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास माणसं. त्यांची शाळा, चर्च, सगळं होतं. आजोबा त्यांना भाजी विकायचे.

व्रोत्स्वाफकर

@लाल_माती, वळिवडे! सासूबाईंच्या शेजारच्या आजींचं बालपण तिथेच गेलं होतं. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोल्हापूर जवळ आहे का?" त्यावर स्वतंत्र धागा काढायला हवा, नक्की काढतो.

शेवंती

काढाच. वाट बघते.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंसोबतच बहुतेक काम. रानवारा, तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी शरीरात काय होतं ते. एवढी थंड हवा लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं, नसांमधून दुखण्याचा निरोप वाहण्याचा वेग मंदावतो आणि नॉरॲड्रेनॅलिन या शरीराला सज्ज करणाऱ्या संप्रेरकाची लाट येते. पोटरीबहाद्दर यांना अंगात वीज भरल्यासारखं वाटलं ते याच लाटेमुळे. ते खरंच घडतं. दुखणं कमी वाटणं हेही खरं.

पण उणे ११० या आकड्याने दबून जाऊ नका. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा साधारण २५ पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो, उकळत्या पाण्यात नाही, तसंच हे. तीन मिनिटांत कातडी भरपूर गार होते, पण खोलवरचा स्नायू जेमतेम अंशभर, आणि शरीराचं आतलं तापमान जवळपास जागचं हलत नाही. १२-१३ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसलात तर मांडीचा स्नायू निदान तेवढा गार होतोच, बरेचदा जास्त. आणि त्या पाण्याला दोन हजार लागत नाहीत.

पुरावा काय म्हणतो? स्नायूंच्या दुखण्यावर क्रायोथेरपीचा कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी संस्था) २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात बसणारे जेमतेम चार अभ्यास सापडले, सगळे मिळून ६४ लोक, त्यातही बहुतेक तरुण पुरुष. निष्कर्ष : ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही. थंड पाण्यात बसण्यावर त्यांचाच २०१२ चा आढावा आहे. त्यात १७ छोटे अभ्यास होते आणि नुसतं बसून राहण्यापेक्षा थंड पाण्याने दुखणं कमी होतं असं दिसलं. म्हणजे पुरावा महागड्या खोलीपेक्षा पिंपातल्या पाण्याच्या बाजूने थोडा जास्त आहे.

वजन, त्वचा, प्रतिकारशक्ती वगैरे माहितीपत्रकातल्या गोष्टी सोडून द्या. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रं मंजूर करणारी सरकारी संस्था) २०१६ मध्येच जाहीर सांगितलं की अशा कुठल्याही आजारावरच्या उपचारासाठी त्यांनी यातलं एकही यंत्र मंजूर केलेलं नाही.

अजून एक. तुम्ही सोबत वजनं उचलत असाल तर प्रत्येक व्यायामानंतर अंग गार करू नका. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १२ आठवडे पाहिलं. ताकदीच्या व्यायामानंतर दहा मिनिटं दहा अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलकं सायकलिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. व्यायामानंतरची सूज हा शरीराच्या डागडुजीचा भाग आहे, ती रोज दाबून टाकायची नसते. त्यामुळे लाल_माती, तुमच्या वस्तादांच्या सांगण्यात तथ्य होतंच.

पोटरीबहाद्दर

ताई, आदर आहे तुमच्या ज्ञानाचा. पण ६४ माणसांच्या अभ्यासावरून मला फायदा झालाच नाही असं म्हणता येत नाही. २०११ च्या रग्बी विश्वचषकाआधी वेल्सचा संघ पोलंडमधल्या 'स्पाला' नावाच्या गावी जाऊन क्रायो चेंबरमध्ये राबला आणि थेट उपांत्य फेरी गाठली. जगातले एवढे मोठे संघ उगाच पैसे घालतील का? शेवटी शरीर माझं आहे, मला बरं वाटलं ते मी सांगितलं.

फिजिओताई

तुम्हाला बरं वाटलं हे मी नाकारतच नाही. ते खरंखुरं बरं वाटणं आहे. फक्त त्यातलं थंडीने किती आणि अपेक्षेने किती, हा प्रश्न उरतो. २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. काहींना थंड पाण्यात बसवलं, काहींना कोमट पाण्यात, आणि काहींना कोमट पाण्यातच पण "यात रिकव्हरीचं खास तेल घातलंय" असं सांगून. घातला होता साधा त्वचा धुण्याचा द्रव. त्या तिसऱ्या गटाच्या पायांची ताकद थंड पाण्यातल्यांइतकीच भरून आली.

वेल्सबद्दल : ते तिथे दिवसातून कितीतरी वेळा सराव करत होते आणि पुढचा सराव झेपावा म्हणून चेंबर वापरत होते. स्पर्धा तोंडावर आहे, उद्या परत खेळायचंय, तेव्हा दुखणं दाबण्याला अर्थ असतो. तुमची-आमची पुढची शर्यत सहा महिन्यांनी असते.

इंजिनियरकाका

वैद्यकातलं मला समजत नाही, पण थंडी तयार कशी होते ते समजतं. ऑक्सिजन-नायट्रोजन वेगळे करणाऱ्या प्लांटवर नोकरीची सगळी वर्षं काढली. म्हणून हात जोडून एक विनंती करतो, पॅकेज घेण्याआधी यंत्र कुठलं आहे ते बघा.

दोन प्रकार असतात. पोलंडसारखी विजेवर चालणारी खोली, जिच्यात माणूस डोक्यासकट आत जातो आणि साधी हवाच थंड केलेली असते. दुसरं उभं पिंप, ज्यात डोकं वर बाहेर राहतं. त्यात बहुतेक वेळा द्रव नायट्रोजनची वाफ सोडतात. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, त्यामुळे थंडी झटपट आणि यंत्र स्वस्त. भारतात लहान जागेत जे बसवलं जातं ते बरेचदा हे.

नायट्रोजन विषारी नाही. आपण घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतोच. धोका असा की एक लिटर द्रव नायट्रोजनची जवळपास ७०० लिटर वाफ होते आणि ती खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारते. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनमध्ये तो साठत नाही, श्वास नेहमीसारखा चालू राहतो, वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन फार खाली गेला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला उचलायला वाकलेला दुसराही. गार वाफ जड असल्यामुळे खालीच साठते. आमच्याकडे ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की भोंगा वाजायचा आणि सगळे बाहेर, चर्चा नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेत लास वेगासजवळ अशाच एका सेंटरमधली कर्मचारी तरुणी कामाची वेळ संपल्यावर एकटीच यंत्रात गेली आणि सकाळी मृतावस्थेत सापडली. कारण ऑक्सिजनची कमतरता. २०२५ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये नायट्रोजनची गळती होऊन तिथल्या कर्मचारी महिलेचा जीव गेला. या दोघीही तिथेच काम करणाऱ्या होत्या.

तेव्हा विचारा : भिंतीवर ऑक्सिजन मोजणारा मीटर आहे का, त्याचा भोंगा चालतो का, वाफ बाहेर टाकणारा पंखा कुठे उघडतो, मी आत असताना माणूस जागा सोडून जाणार नाही ना. पिंपात उंची कमी पडली तर पायाखाली पाट देतात, हनुवटी कडेच्या वर राहायलाच हवी. ज्यांना याची उत्तरं देता येत नाहीत त्यांच्या यंत्रात आपलं माणूस घालू नका.

कडकलक्ष्मी

काका, अंगावर काटा आला. हा प्रतिसाद प्रत्येक सेंटरच्या दारावर लावायला हवा.

बाकी मला खेळाडूंची एक गोष्ट आठवली. अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन २०११ च्या जागतिक स्पर्धेला पायांना हिमदंश घेऊन पोचला होता. घामाने ओले झालेले मोजे घालून क्रायो चेंबरमध्ये गेला होता! म्हणजे व्रोत्स्वाफकर म्हणतात ते "घाम टिपून कोरडं व्हायचं" हे काही उगाच नाही.

माजघर

एवढं दूर कशाला जायचं? कार्तिकात, माघात पहाटे नदीवर स्नान करणाऱ्या बायका आमच्या वाईला आजही आहेत. माझी आत्या ऐंशीच्या घरात आहे, आयुष्यभर गार पाण्याने अंघोळ. दुखणं म्हणून माहीत नाही.

आणि उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम कोणी कसा आठवला नाही? गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला. तिथे गार पाण्याचं कटिस्नान, ओटीपोटावर मातीची पट्टी, हे सगळं आहे. लुई कून नावाच्या जर्मन माणसाची कटिस्नानाची पद्धत गांधीजी स्वतः वापरायचे. आठ-दहा दिवस राहून आलं तर एका पॅकेजच्या पैशात शरीर आणि मन दोन्ही हलकं होतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

फिजिओताई

@माजघर, आत्याबाईंना नमस्कार. फक्त एक लक्षात घ्या, रोज थोडं थोडं गार पाणी घेऊन आयुष्यभर सरावलेलं शरीर वेगळं आणि साठीनंतर एके दिवशी अचानक उणे ११० मध्ये उभं केलेलं शरीर वेगळं.

ट्यूलिप

नेदरलँड्समधून. इथे २०१६ मध्ये गार शॉवरवर मोठा अभ्यास झाला, तीन हजारांवर लोक. नेहमीच्या गरम अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घ्यायचं, महिनाभर रोज. अशा लोकांनी आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी घेतल्या. पण आजारी असण्याचे दिवस कमी झाले नाहीत! म्हणजे माणसं आजारी तेवढीच पडली, पण ऑफिसला जात राहिली. ३० सेकंद आणि ९० सेकंद यांच्यातही फरक दिसला नाही. मी ३० वरच थांबते, हिवाळ्यात इथलं नळाचं पाणी काय असतं ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक.

बर्फगोळा

म्हणजे गार पाण्याने अंघोळ केली की रजा मिळत नाही. बायकोने हा धागा वाचायच्या आत गीझर दुरुस्त करून घेतो.

ठाण्याचा_धावक

एक मुद्दा राहिला, आणि मुंबई पळणाऱ्यांसाठी तो सगळ्यात मोलाचा आहे. थंडीने खरोखर जीव वाचतो तो उष्माघातात. मी शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत स्वयंसेवक असतो. पळताना शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर एकेक मिनिट मोजकं असतं. अशा वेळी रुग्णवाहिकेत घालून ट्रॅफिकमध्ये नेण्याआधी तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबमध्ये गळ्यापर्यंत बुडवायचं. आधी गार करा, मग हलवा, हा नियम. अमेरिकेत फालमथ नावाची उन्हाळ्यातली शर्यत आहे. तिथे १८ वर्षांत असे २७४ रुग्ण आले, त्यांना लगेच बर्फाच्या पाण्यात घातलं आणि सगळेच्या सगळे वाचले.

आपल्याकडे जानेवारीतही पेडर रोडच्या चढावर ऊन आणि दमट हवा एकत्र अंगावर येतात. आयोजकांना, रनिंग ग्रुपना माझी कळकळीची मागणी आहे : क्रायो सेंटरच्या कूपनांऐवजी शेवटच्या टप्प्यावर टब आणि बर्फ ठेवा. लहान गावांतल्या शर्यतींमध्ये तर हे नसतंच. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलं उन्हात कोसळतात, त्या मैदानावरही एक टब हवा.

लाल_माती

शंभर टक्के सहमत. भरतीला पळणारी पोरं आमच्याच तालमीतली असतात. पुढच्या वेळी आम्ही स्वतः पिंप घेऊन जाऊ. किती पाण्याला किती बर्फ लागतो?

इंजिनियरकाका

@लाल_माती, हिशोब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. २०० लिटर पाणी २६ अंशांवरून १३ वर आणायला २६०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. वितळलेला बर्फही पुढे १३ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे किलोमागे ९३. भागाकार केला की २८ किलो. उन्हात आणि टाकीच्या भिंतींतून उष्णता आत येत राहते, तेव्हा ३५-४० धरून चला. चौकोनी पिशव्यांचा बर्फ महाग पडतो. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणा आणि पोत्यात घालून फोडा, मोठे तुकडे सावकाश वितळतात. उष्माघातासाठी पाणी याहून गार लागेल, तेव्हा लादी जास्तीची ठेवा आणि पाणी सतत ढवळत राहा.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी मुळातच बरंच गार असतं, तिथे बर्फ फार कमी लागेल.

शेवंती

माझे यजमान हृदयरोगी आहेत, स्टेंट बसवलाय. ते हा धागा वाचून टबचा विचार करताहेत. फिजिओताई, काही सांगाल?

फिजिओताई

@शेवंती, त्यांना थांबवा. एकदम गार पाण्यात उतरलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. निरोगी माणसात ते दोन-तीन मिनिटांत शांत होतं. हृदयविकार असलेल्यांसाठी तीच पहिली मिनिटं धोक्याची असतात. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय टबही नको आणि चेंबर तर नकोच.

याच कारणाने निरोगी माणसानेही टबमध्ये एकट्याने बसू नये, आणि डोकं बुडवू नये.

रानवारा, तुमच्या आईंबद्दल एक विचारायचं राहून गेलंय. थंडीत किंवा फ्रिजमधलं काही हातात घेतलं की त्यांची बोटं पांढरी, मग निळसर पडतात का? आणि रक्तदाब कसा आहे?

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताई, हो! आईची बोटं हिवाळ्यात पांढरीफटक पडतात. भाजी धुतली तरी. आम्हाला ते वयाचं वाटायचं, कधी डॉक्टरांना सांगितलंच गेलं नाही. रक्तदाबाची गोळीही चालू आहे.

दरम्यान काकांची यादी घेऊन सेंटरला जाऊन आले. यंत्र नायट्रोजनचंच आहे, डोकं बाहेर राहणारं. ऑक्सिजनचा मीटर कुठे आहे विचारलं तर मुलगी गोंधळली, आत कोणाला तरी विचारून आली आणि "सगळं इम्पोर्टेड आहे" म्हणाली. खोलीला खिडकी नाही. रक्तदाब मोजता का, तर एक फॉर्म भरून घेतात. नंतर व्यायाम करून घेता का विचारलं तर "नाही, नंतर रेड लाइटचं सेशन घेऊ शकता, त्याचंही पॅकेज आहे".

फिजिओताई

मग आईंचा प्रश्न निकालात निघाला. बोटं अशी पांढरी-निळी पडणं हे रेनॉडचं (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आक्रसण्याचा विकार) लक्षण असू शकतं, संधिवातासोबत ते आढळतं. अशा माणसाला क्रायोथेरपी द्यायचीच नाही, हे कुठल्याही नीट चालणाऱ्या केंद्राच्या नियमांत पहिल्या काही ओळींत असतं. पुढच्या वेळी संधिवाततज्ज्ञांना हे आवर्जून सांगा, औषधांच्या दृष्टीनेही त्यांना माहीत असायला हवं.

सकाळच्या आखडलेल्या हातांना त्यांच्या बाबतीत ऊब चांगली. मेणाचा शेक माहीत आहे का? वितळलेल्या पॅराफिन मेणात हात पुन्हा पुन्हा बुडवून जाड थर चढवायचा, वर प्लॅस्टिक आणि टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग थर काढून लगेच बोटांचे व्यायाम. पोलंडच्या त्या हॉलमध्ये जे चालतं तेच, फक्त दुखणं सैल करायला थंडीऐवजी ऊब. सांधे लाल आणि सुजून गरम झाले असतील त्या दिवशी मात्र शेक नको.

व्रोत्स्वाफकर

सासूबाईंच्या केंद्रातही हातांसाठी मेणाचं भांडं आहेच. ज्यांचा रक्तदाब जास्त निघतो त्यांना त्या दिवशी तिकडे पाठवतात.

पोटरीबहाद्दर

रानवारा, ते सेंटर नकोच. मी जातो तिथे मीटर भिंतीवर आहे आणि माणूस समोर उभा असतो, काकांचा प्रतिसाद वाचून काल मुद्दाम पाहून आलो. मी जाणं चालू ठेवणार, पण व्यायामाच्या रोजच्या दिवसांत नाही, फक्त शर्यतीनंतर. आणि पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपतर्फे शेवटच्या टप्प्यावर टब ठेवायचं ठरवतोय. @ठाण्याचा_धावक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रानवारा

आमचं ठरलं. पॅकेज नाही. मॅरेथॉननंतर टबमध्ये दहा मिनिटं, नवरा शेजारी बसेल. आईने आधी तोंड पाडलं, पण मेणाच्या शेकाचं ऐकून खुलली. लगेच विचारलं, "घरी गॅसवर मेण वितळवलं तर चालेल का?"

फिजिओताई

अजिबात नाही! थेट गॅसवर पॅराफिन पेट घेऊ शकतं, आणि किती तापलंय ते कळत नाही, हात भाजतो. त्यासाठी थर्मोस्टॅटवालं विजेचं भांडं मिळतं, ते साधारण ५२ ते ५४ अंशांवर राहतं. पहिल्या काही वेळा जवळच्या फिजिओकडे जाऊन शिकून घ्या, मग भांडं विकत घ्यायचं की नाही ते ठरवा. हातावर जखम, पुरळ असेल किंवा बधिरपणा असेल तर आधी दाखवा. अंगठी, बांगड्या काढून ठेवायला सांगा, आणि व्यायामाचा कागद त्यांच्याकडून लिहून घ्यायला विसरू नका.